सभागृह रिकामे, दरबार भरलेले

ठाण्यात आणि नवी मुंबईत महापालिका निवडणुकीच्या निमित्ताने एक वाक्य मी इतक्यांदा ऐकले की त्याला उत्तर द्यायलाच हवे असे वाटू लागले. ‘प्रशासक होता तेच बरे होते.’ प्रशासक म्हणजे निवडणूक न झाल्याने सभागृहाच्या जागी सरकारने बसवलेला अधिकारी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर, लोकलच्या डब्यात, सगळीकडे हेच. त्यावर समोरून ठरलेले उत्तर येते: ‘नगरसेवक निदान रात्री अकराला फोन तरी उचलतो.’ मग गटार कोणी लवकर उपसले, दिवा कोणी लवकर लावला, याचे दाखले दोन्हीकडून सुरू होतात. माझ्या मते हा सगळा वादच चुकीच्या जागी उभा आहे. महापालिका म्हणजे तक्रार निवारणाची खिडकी, एवढेच दोन्ही बाजूंनी गृहीत धरले आहे. खिडकीत कोण बसला तर काम लवकर होईल हा प्रश्न दुय्यम आहे. वर्षाला पाच हजार कोटींच्या वर जाणारा पैसा कुठे खर्च करायचा हे कोणाच्या अधिकाराने ठरते, आणि चुकले तर उभे राहून उत्तर कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर गेली काही वर्षे ‘आपल्यापैकी कोणीही नाही’ असे होते. आणि या वादात तेच कोणी बोलत नाही.

आधी काळाचा हिशेब मांडतो. नवी मुंबईत एप्रिल 2015 मध्ये मतदान झाले, मे 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढचे मतदान झाले ते 15 जानेवारी 2026 रोजी. ठाण्यात फेब्रुवारी 2017 नंतर थेट तीच तारीख. मधली मार्च 2022 पासूनची जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची. नवी मुंबईत 2015 साली सतरा वर्षांचा असलेला मुलगा आपल्या शहरासाठी पहिल्यांदा मत देताना अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. याच काळात त्याने लोकसभेसाठी दोनदा आणि विधानसभेसाठी दोनदा मत दिले असेल. यंत्रे होती, पोलीस होते, शाळांचे वर्ग होते, बोटाला लावायची शाई होती. नव्हती ती फक्त त्याच्या रस्त्याची, पाण्याची आणि दवाखान्याची निवडणूक. घटनेच्या 243-यू या कलमात महापालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे स्वच्छ लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात तेच ठणकावून सांगितले होते. विधानसभेची निवडणूक अशी चार वर्षे लांबली असती तर आपण ती गोष्ट इतक्या सहज पचवली असती का?

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. निवडणुका कोणाच्या लहरीमुळे थांबल्या नव्हत्या, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, आणि त्या समाजाला वगळून निवडणूक घेणे अन्यायाचे ठरले असते. हे मला मान्य आहे. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणाची आकडेवारी मागितली, पुढे बांठिया आयोग नेमला गेला, जुलै 2022 मध्ये त्याचा अहवाल आला. सामाजिक न्यायासाठी काही महिने थांबावे लागले तर थांबायलाच हवे. पण अहवालानंतरची तीन वर्षे कशात गेली? 2019 च्या अखेरीस प्रभाग एकसदस्यीय ठरले, 2021 मध्ये ते तीन सदस्यांचे झाले, 2022 मध्ये सरकार बदलले आणि चार सदस्यांचे झाले. ठाण्याच्या जागा 131 वरून 142 वर गेल्या आणि पुन्हा 131 वर आल्या. हा खेळ दोन्ही आघाड्यांनी खेळला. त्यात एक पापी आणि दुसरा पुण्यवान असे काही नाही. शेवटी मे 2025 मध्ये न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वीची स्थिती धरून निवडणुका घ्या असा आदेश दिला, तेव्हा चक्रे फिरली. जे 2025 मध्ये शक्य झाले ते आधी का झाले नाही, हे ओबीसी समाजानेही विचारायला हवे, कारण त्यांच्याही वस्त्यांना त्या काळात नगरसेवक नव्हता.

दुसरा आक्षेप मनाला जास्त भिडतो, आणि तो मी टाळणार नाही. ठाण्यातल्या जुन्या माणसाला नव्वदच्या दशकातले आयुक्त टी. चंद्रशेखर आठवतात. रस्ते रुंद झाले, वर्षानुवर्षे न हलणारी बांधकामे हलली, आणि ‘शिस्त’ या शब्दाला शहरात काही अर्थ आहे असे लोकांना वाटले. नवी मुंबईत तुकाराम मुंढे मे 2016 मध्ये आले. सकाळी ते बागेत नागरिकांबरोबर चालायचे आणि तक्रारी ऐकायचे. त्या ऑक्टोबरात सभागृहाने प्रचंड बहुमताने त्यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला, तेव्हा रस्त्यावर उतरलेले नागरिक आयुक्तांच्या बाजूने होते, नगरसेवकांच्या नव्हे. हे दृश्य लोकशाहीवर विश्वास असणाऱ्याला अस्वस्थ करणारे आहे आणि मलाही ते अजून अस्वस्थ करते. पण गोष्ट तिथे थांबवू नका. सरकारने ठराव झाल्या झाल्या मुंढेंना हलवले नाही. आणि मार्च 2017 मध्ये, सरकारला वाटले तेव्हा, त्यांची बदली केली. म्हणजे ज्या सभागृहाला ते नको होते त्याचे चालले नाही, आणि ज्या नागरिकांना ते हवे होते त्यांचेही चालले नाही. चालले ते मंत्रालयाचे. चांगला आयुक्त आपल्याला मिळतो तो पावसासारखा. आला तर आला. त्याला आणणे आपल्या हाती नाही आणि ठेवणेही नाही. अशा कारभाराला ‘बरा होता’ म्हणताना आपण स्वतःला मतदार म्हणून नव्हे, रयत म्हणून मोजत असतो.

हा वाद नवा नाही. मुंबईत 1865 पासून आर्थर क्रॉफर्ड नावाचा कर्तबगार आणि जवळपास अनिर्बंध आयुक्त होता. आज ज्याला महात्मा फुले मंडई म्हणतात ती त्याच्या काळातली. शहर सुधारले, पण खर्च इतका बेसुमार झाला की 1871 साली करदात्यांनी उठाव केला. बहुतेकांचा सूर एकच होता: हा माणूस काढा. पंचविशीतल्या फिरोजशहा मेहतांनी त्या गर्दीच्या विरुद्ध जाऊन सांगितले की दोष माणसाचा नाही, रचनेचा आहे. कारभार चालवायला एकच जबाबदार अधिकारी असू द्या, पण त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडलेली सभा हवी. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि मुंबईच्या निम्म्या सभासदांना करदात्यांनी निवडले. (हेच क्रॉफर्ड पुढे पुण्यात विभागीय आयुक्त असताना लाचखोरीच्या प्रकरणात चौकशी आयोगापुढे उभे राहिले, हेही सांगून ठेवतो.) मेहतांच्या मांडणीत सक्षम आयुक्त आणि निवडलेली सभा असा पर्याय निवडायचा नव्हताच, एक असेल तर दुसरी हवीच. दीडशे वर्षांनी आपण ठाण्यात बसून पुन्हा ‘हा की तो’ विचारतो आहोत. लॉर्ड रिपनने 1882 साली स्थानिक स्वराज्याचा ठराव मांडला, तेव्हा त्यानेही कबूल केले होते की कारभार सुधारावा हा त्यामागचा पहिला हेतू नाही. लोकांनी आपला कारभार करायला शिकावे हा आहे. परक्या व्हाइसरॉयला जे कळले ते 1863 पासून नगरपालिका असलेल्या ठाण्याला कळू नये?

नगरसेवकांची बाजू मी झाकून घेणार नाही. ठाण्यात ठेक्यांतली टक्केवारी तपासायला नंदलाल समिती नेमावी लागली, ती काही उगाच नव्हे. राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईंच्या नावाने नवरा कारभार पाहतो, उद्घाटनाच्या पाटीवर नाव आणि विषयपत्रिकेवर मौन, हेही आपण पाहिले आहे. नवी मुंबई प्रशासकाच्या काळातही स्वच्छ सर्वेक्षणात वर राहिली, हा दाखला खरा आहे. पण 2020 साली देशात तिसरा क्रमांक मिळाला ती पाहणी सभागृह असतानाची होती, हेही तितकेच खरे आहे. माझा मुद्दा असा की टक्केवारी ही सभागृहामुळे जन्माला येत नाही, सभागृहात ती बाहेर पडते. विरोधी नगरसेवकाने, अनेकदा स्वतःला वाटा मिळाला नाही म्हणून का होईना, महासभेत कागद फडकावला की पत्रकाराला बातमी मिळते आणि आपल्याला कळते. प्रशासकाच्या काळात आयुक्तच अर्थसंकल्प मांडतो आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करतो. स्थायी समिती तोच, महासभा तोच. प्रस्तावाखाली सही करणारा हात आणि मंजुरीची सही करणारा हात एकच. तो हात कितीही स्वच्छ असो, त्या खोलीत दुसरे कोणी नव्हते. भ्रष्टाचार कमी झाला की त्याची चर्चा कमी झाली, हे आपल्याला कळणार कसे?

ऑगस्ट 2023 आठवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात 18 रुग्ण दगावले. हे महापालिकेचे रुग्णालय. दिवा, मुंब्रा, कळव्यापासून शहापूरपर्यंतचा गरीब माणूस तिथे येतो. सरकारने चौकशी समिती नेमली, मंत्री येऊन गेले, चॅनेलवाले येऊन गेले. पण त्या रुग्णालयाच्या मालकांची, म्हणजे ठाणेकरांची, सभा भरू शकली नाही. खास महासभा बोलवा, अधिष्ठात्यांना उभे करा, खाटा किती आणि डॉक्टर किती ते सांगा, हे म्हणायला कोणी नव्हते, कारण मुख्यालयातले नरेंद्र बल्लाळ सभागृह रिकामे होते. सभागृह असते तर ते मृत्यू टळले असते असे मी म्हणत नाही. पण शहर आपल्या मेलेल्या माणसांबद्दल एका जागी बसून, नोंद होईल अशा भाषेत बोलू शकले असते.

आणि आता त्या गोष्टीकडे येतो जी ठाणेकराला बोलायला अवघड जाते, कारण तिच्यात अभिमान गुंतलेला आहे. जून 2022 च्या अखेरीपासून अडीच वर्षे राज्याचा मुख्यमंत्री ठाण्याचा होता. एकनाथ शिंदे 1997 साली याच महापालिकेत नगरसेवक म्हणून निवडून आले. ठाण्याचे आजचे खासदार नरेश म्हस्के याच शहराचे महापौर होते. आज उपमुख्यमंत्रिपद आणि नगरविकास खाते ठाण्यात आहे, परिवहन मंत्री ठाण्याचे आहेत, नवी मुंबईचे गणेश नाईक वनमंत्री आहेत. इतकी सत्ता या खाडीच्या दोन काठांवर कधीच एकवटली नव्हती. ‘आपला माणूस वर आहे, आता शहराला काय कमी?’ असे लोक म्हणतात, आणि निधी आला हे खरेही आहे. पण नेमक्या याच वर्षांत आपल्या पालिकेत एकही निवडून आलेला माणूस नव्हता. वर आपला माणूस असणे आणि खाली आपले सभागृह असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली मिळाली म्हणून आपण दुसरी सोडून दिली. निधी हा मागून मिळतो. अधिकार मागावा लागत नाही.

यामागे ठाण्याची एक जुनी सवय आहे. टेंभी नाक्यावर शिवसेनेचे आनंद दिघे यांचा दरबार भरायचा. स्वतः कधीही निवडणूक न लढवलेला हा माणूस रात्री उशिरापर्यंत लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा. सासरी छळ होणारी मुलगी, फी न भरता आलेला विद्यार्थी, घरमालकाने बाहेर काढलेले कुटुंब. त्या दरबाराची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. ज्याला सरकारी कचेरीत कोणी उभे करत नव्हते त्याला तिथे माणूस म्हणून वागवले गेले, आणि ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण दरबारात मिळते ते नेत्याच्या मनाच्या मोठेपणामुळे. नेता गेला की ते जाते, किंवा ज्याची ओळख आहे त्याच्यापुरते उरते. त्या माणसाची माया पुढच्यांना वारशाने मिळाली नाही. दरबाराची पद्धत मात्र मिळाली. 2025 मध्ये गणेश नाईकांनी ठाण्यात जनता दरबार भरवला तेव्हा चर्चा झाली ती कोणी कोणाच्या बालेकिल्ल्यात पाय ठेवला याची. मला त्या बातमीत दिसली ती रांग. राज्याच्या वनमंत्र्यासमोर लोक आपल्या गल्लीतल्या तक्रारींचे कागद घेऊन उभे होते. ज्या शहरात महासभा भरत नाही तिथे दरबारच भरणार.

मग प्रश्न येतो, सभागृह परत आले, आता पुढे काय? इथे मला आपल्या बाजूच्या लोकांनाही सांगायचे आहे की नुसत्या निवडणुकीने शहर आपल्या हाती येत नाही. पालिकेच्या हातातून गोष्टी कधीच निसटल्या आहेत. जकात ही पालिकेची स्वतःची कमाई होती. ठाण्यात ती 2013 साली गेली, त्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, दोन वर्षांत बहुतांश गुंडाळला गेला, 2017 पासून जीएसटी. आज मोठा हिस्सा राज्याकडून दरमहा अनुदान म्हणून येतो. जकात नाक्यांवरचा छळ आणि लाचखोरी मी पाहिली आहे, ती परत यावी असे मला वाटत नाही. पण कर गेला तेव्हा त्याबरोबर पालिकेचा कणाही गेला, याचा हिशेब कोणी मांडला नाही. घोडबंदर रस्त्यावर उभे राहून पाहा: मेट्रो एमएमआरडीए या राज्य सरकारच्या प्राधिकरणाची, बोरिवलीचा बोगदा एमएमआरडीएचा, डोंगराकडचे जंगल वन खात्याचे. सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळायचा निर्णय सभागृह नसतानाच्या काळातला. किसननगरच्या क्लस्टरचे, म्हणजे जुन्या इमारतींच्या सामूहिक पुनर्विकासाचे, काम सिडको या राज्य सरकारच्या कंपनीकडे, म्हणजे जिच्या कारभारात ठाणेकराचे एकही मत नाही अशा संस्थेकडे. आमच्या सोसायटीसमोरच्या उघड्या गटारासाठी आम्ही तीन कचेऱ्या फिरलो. पहिलीने रस्ता आमचा पण गटार नाही म्हटले, दुसरीने काम संपल्यावर बघू म्हटले, तिसरीने पहिलीकडे पाठवले. तिन्ही ठिकाणचे लोक सभ्यपणे बोलले. त्यांच्यापैकी कोणालाही आमच्या मताची गरज नव्हती, एवढेच.

नवी मुंबईकरांना हे ठाण्यापेक्षा जास्त कळायला हवे. 1970 साली सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनीवर शहराचा नकाशा काढला गेला. त्या गावांना नकाशात काय हवे हे कोणी विचारले नाही. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट मोकळी झाली. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्यामागे लोक उभे राहिले कारण बोलायला दुसरी जागाच नव्हती. महापालिका यायला 1992 आणि तिची पहिली निवडणूक व्हायला 1995 उजाडले. आणि ती आली तेव्हा काय झाले? निवडून आलेले सभागृह असताना या पालिकेने मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे केले. आज नवी मुंबई आपले पाणी आपल्या धरणातून पिते. ठाणे मात्र स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि स्वतःची योजना अशा चार दारांतून पाणी गोळा करते. शाई धरणाची चर्चा वर्षानुवर्षे झाली, धरण झाले नाही. ठाण्यातही तेव्हा सभागृह होतेच, तेव्हा सभागृह असले की सगळे होते असे नाही. पण मोरबेसारखा तीस-चाळीस वर्षांचा विचार तीन वर्षांसाठी आलेला, उद्या बदलून जाणारा प्रशासक करील?

दिल्लीचे म्हणाल तर चित्र आणखी विस्कटलेले आहे. ठाणे लोकसभेत मीरा-भाईंदर आहे, ऐरोली-बेलापूर आहे, पण ठाणे महापालिकेतलेच कळवा-मुंब्रा नाही. ते कल्याण लोकसभेत. दिव्याचा माणूस मालमत्ता कर ठाण्याला भरतो, आमदार कल्याण ग्रामीणचा निवडतो, खासदार कल्याणचा. नवी मुंबईला तर स्वतःच्या नावाची लोकसभेची जागाच नाही. सुमारे 25 लाख मतदारांच्या एका खासदाराने तीन महापालिकांचे प्रश्न दिल्लीत मांडायचे. मतदारसंघांच्या सीमा आपण बदलू शकत नाही. पण म्हणूनच शहर पूर्ण, अखंड, एकाच छताखाली भेटते ती जागा महापालिकेचे सभागृह एवढीच उरते.

त्या सभागृहात आपण आता चार-चार सदस्यांच्या प्रभागातून माणसे पाठवली आहेत. 2011 च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या 18 लाख 41 हजार होती. तिच्याच हिशेबाने एका प्रभागात पन्नास हजारांच्या वर माणसे आणि त्यांना चार नगरसेवक. या पद्धतीच्या बाजूने बोलणारे सांगतात की यामुळे छोट्या जातगटाचा दबाव कमी होतो आणि महिलांना जागा मिळते. महिलांना जागा आरक्षणामुळे मिळते, ती एकसदस्यीय प्रभागातही मिळायची. चार जणांत जबाबदारी मात्र कोणाचीच राहत नाही. पॅनेलबरोबर निवडून आलेला पॅनेलचाच राहतो. मुंबईला एक प्रभाग एक नगरसेवक चालतो, तर ठाण्याला का नाही? यंदा ठाण्यात काही जागा मतदानाविना बिनविरोधही गेल्या. जवळजवळ नऊ वर्षे थांबलेल्या मतदाराला त्या जागेसाठी बटण दाबायलाच मिळाले नाही.

महापौर थेट निवडावा असे काही जण सुचवतात. मला त्यात दरबाराचाच नवा अवतार दिसतो. मुंबईत 1998 साली महापौर आणि त्याच्या मंडळाला कारभाराचे अधिकार देणारा ‘मेयर इन कौन्सिल’चा प्रयोग झाला आणि वर्षभरातच गुंडाळला, तेवढीही वाट पाहण्याची आपली तयारी नाही. त्याआधी जे कायद्यात लिहून ठेवलेले आहे ते करू. 2009 साली राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली, ग्रामसभेसारखी, मतदान केंद्राच्या पातळीवर. आमच्या भागात ती मी एकदाही भरलेली पाहिली नाही. गावात सरपंचाला वर्षातून अनेकदा लोकांसमोर बसावे लागते, शहरात नगरसेवकाला पाच वर्षांत एकदाही नाही, हे आपण कशाच्या बळावर सहन करतो?

मी माझ्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच पत्र चार वेगवेगळ्या पाकिटांतून दिले आहे. त्यात गटाराचा उल्लेख नाही. मार्च 2022 पासून प्रशासकांनी केलेले सगळे ठराव महासभेच्या पटलावर ठेवावेत, आमच्या प्रभागापुरत्या ठरावांची यादी छापून मतदान केंद्रानुसार लावावी, आणि जून संपण्याच्या आत कोणत्याही एका शाळेच्या पटांगणात क्षेत्रसभा बोलवावी, एवढेच मागितले आहे. खुर्च्या आम्ही आणू, असे खाली लिहिले आहे.